भोकं मोजून बनवलेला बोर्ड

"मॅडम, वायर लावाले जागाच नाही उरत बा."

हे मी दर आठवड्याला ऐकते. नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून मला सतरा वर्षं झाली. पोट्टे बाजारातून रुंद वाय-फाय बोर्ड, म्हणजे प्रोग्राम करता येणारी चिप बसवलेली पट्टी, आणतात, ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या प्लास्टिक पाटीवर, दाबून बसवतात आणि मग एका बाजूला भोकांची एकच ओळ उरते, दुसऱ्या बाजूला तीही नाही. मग दोन ब्रेडबोर्ड शेजारी शेजारी ठेवून, बोर्डाचा एक पाय इकडे अन् एक तिकडे, अशी सर्कस सुरू होते. ती पाहून पाहून शेवटी मी माझाच बोर्ड बनवला. त्याचं नाव 'बर्फी'. आतापर्यंत तीन आवृत्त्या झाल्या. मी काही डिझाइन इंजिनीअर नाही, डिप्लोमावाली आहे. तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल, फक्त सुरुवात चिपपासून करू नका. सुरुवात भोकांपासून करा.

ब्रेडबोर्ड हातात घ्या. मधल्या खाचेच्या डाव्या अंगाला ए ते ई अशा पाच ओळी, उजव्या अंगाला एफ ते जे अशा पाच. एका अंगाची आडवी पाच भोकं आतून जोडलेली असतात, म्हणून पिनेशेजारी उरलेल्या भोकांतच वायर लावायची. शेजारच्या दोन भोकांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. ई आणि एफ यांच्यात मात्र खाच आहे, तिथे अंतर ७.६२ मिलिमीटर, म्हणजे ०.३ इंच. ए पासून जे पर्यंत एकूण १.१ इंच. आता पिनांच्या दोन रांगांमध्ये तुम्ही किती अंतर ठेवता, त्यावर वापरणाऱ्याला किती भोकं उरतील ते ठरतं. एक इंच ठेवलं तर एकाच बाजूला एक ओळ. रास्पबेरी पाय पिको या तयार बोर्डाचं अंतर १७.७८ मिलिमीटर, म्हणजे ०.७ इंच, तो सी आणि एच मध्ये बसवला की दोन्हीकडे दोन-दोन ओळी. मी ०.६ इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर धरलं. डी आणि एच मध्ये बसतो, डावीकडे तीन भोकं मोकळी, उजवीकडे दोन. अर्डुइनो नॅनो या बोर्डाचंही अंतर हेच आहे, मी काही नवा शोध लावला नाही.

मोह ०.४ इंचाचा झाला होता. चार आणि तीन भोकं मिळतात, कोणाला नको? पण यूएसबी-सीच्या सॉकेटला धातूचे पाय असतात, मी घेतलेल्या सॉकेटच्या दोन्ही अंगांच्या पायांत ८.६४ मिलिमीटर अंतर. पिनांच्या रांगा १०.१६ वर. म्हणजे सॉकेटचा पाय आणि पहिली पिन यांच्या केंद्रांत पाऊण मिलिमीटर. दोघांचे पॅड, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या चकत्या, एकमेकांवरच येतात. सॉकेट पुढे काढून पिना त्याच्या मागून सुरू करता येतात, पण मग बोर्ड लांब होतो आणि सोंडेसारखा पुढे येतो. दोन दिवस डोकं लावलं अन् सोडून दिलं.

चिप रास्पबेरी पायचीच आरपी२०४० घेतली, पहिल्या पिकोवर असते ती. कारण सरळ आहे: वेगळा प्रोग्रामर लागत नाही. बटण दाबून केबल लावली की कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखी खिडकी उघडते, त्यात फाइल ओढून टाकायची, झालं. दहा-वीस रुपयांच्या चिपाही आहेत, सीएच३२व्ही००३ सारख्या. चांगल्या आहेत, पण त्यांना प्रोग्रामर वेगळा घ्यावा लागतो आणि तो लॅबमध्ये आठवडाभरात कोणाच्या तरी बॅगेत निघून जातो. वाय-फायवाली चिप मुद्दामच टाळली. रेडिओ असलेलं उपकरण आपल्या देशात विकायचं तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या शाखेची ईटीए नावाची मान्यता लागते. पहिल्याच बोर्डाला ती कटकट कशाला?

पण मग पिको असताना तुमचा बोर्ड कोण घेणार? हा प्रश्न आमच्या एचओडी सरांनी पहिल्याच दिवशी विचारला, आणि तुम्ही स्वतःलाही विचारा. किमतीत त्यांच्याशी टक्कर घेता येत नाही, ते विसरा. माझ्याकडे उत्तरं होती, आणि ती सगळी टेबलावर बघून सापडली. पहिल्या पिकोवर पिनांची नावं खालच्या बाजूला छापलेली आहेत. ब्रेडबोर्डवर बसवला की नावं खाली जातात, मग पोट्टे मोबाइलवर चित्र उघडून पिना मोजतात आणि एकाने चुकतात. रीसेटचं बटण नाही, त्यामुळे केबल सारखी काढ-घाल करतात अन् सॉकेट ढिलं होतं. सॉकेट मायक्रो-यूएसबीचं, आणि तसली केबल आता पोट्ट्यांच्या घरी राहिलेली नाही. नावं वर, बटणं दोन, यूएसबी-सी, आणि रुंदी थोडी कमी. एवढाच माझा बोर्ड.

ही चिप एकटी चालत नाही. तिच्यात प्रोग्राम साठवायची फ्लॅश मेमरी नसते, ती बाहेरून जोडावी लागते. मी २ मेगाबाइटची लावली. चिपला ठोके पुरवणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, यूएसबीच्या दोन्ही तारांवर २७ ओहमचे रेझिस्टर, आणि वीज येते त्या प्रत्येक पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. रास्पबेरी पायने या चिपभोवतीचं किमान सर्किट कसं असावं याची पुस्तिका फुकट दिली आहे. त्यातलं सर्किट जसंच्या तसं उतरवा, स्वतःची अक्कल नंतर चालवा. बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर किकॅड. तेही फुकट. एकदा सर्किट काढलं की त्याची स्वतःची तपासणी चालवा, मग ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा, टाकल्यावर दुसरी तपासणी चालवा, आणि एकही लाल खूण 'असू दे' म्हणून सोडू नका.

आता कागद. ऑर्डर देण्याआधी बोर्ड मूळ मापात कागदावर छापा. मी धरमपेठेतल्या एका झेरॉक्सवाल्याकडे छापलं, कागद ब्रेडबोर्डवर ठेवून टाचणीने टोचत गेले, पहिल्या पाच पिना बरोबर, दहाव्या पिनेला टाचणी प्लास्टिकवर आपटली. घाबरले, रात्री अकरापर्यंत माप तपासत बसले. चूक माझी नव्हती, प्रिंटरवर 'पानात बसवा' हे चालू होतं आणि सगळं दोन-तीन टक्क्यांनी आक्रसलं होतं. म्हणून बोर्डाशेजारी ५० मिलिमीटरची एक रेघही काढून ठेवा, कागद हातात आला की आधी पट्टीने ती मोजा. मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन सॉकेट, बटण, क्रिस्टल एक-एक नग विकत घ्या आणि कागदावर ठेवून पाहा. तिथल्या मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांत हे सुटं मिळतं. माझं बटण कागदावरच्या बटणापेक्षा मोठं निघालं. वीस रुपयांत कळलं. तेच बोर्ड छापून आल्यावर कळलं असतं तर महागात गेलं असतं.

नावं छापायला जागा किती? पिनेच्या पॅडची आतली कड मध्यरेषेपासून ६.८ मिलिमीटरवर, चिपची कड ३.५ वर. मधल्या तीन-सव्वातीन मिलिमीटरमध्ये सगळं. 'जीपी१५' असं पूर्ण लिहिलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. मी 'जीपी' उडवलं, नुसते आकडे ठेवले, उंची १ मिलिमीटर. वाचता येतात, सरांना चष्मा लावून येतात. पंधरा-पंधरा पिना, त्यातल्या २४ कामाच्या, बाकी वीज, ग्राउंड आणि रीसेट. ४०० भोकांच्या ब्रेडबोर्डवर तीस रांगा असतात, त्यातल्या पंधरा बोर्डाने खाल्ल्या तरी पंधरा सेन्सरला उरतात. ही गोष्ट लांबी ठरवताना धरा.

यूएसबी-सीने मला पहिल्या आवृत्तीत पाडलं. या सॉकेटला सीसी१ आणि सीसी२ अशा दोन पिना असतात आणि दोन्हींवर ग्राउंडला वेगवेगळा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो दिसला की पलीकडचा चार्जर किंवा लॅपटॉप वीज सोडतो. मी ते लावलेच नव्हते. माझी केबल जुन्या चपट्या यूएसबीची, तिच्यावर बोर्ड मस्त चालायचा, त्यामुळे मला पत्ताच नाही. एका मुलीने नव्या लॅपटॉपला दोन्ही टोकं सी असलेली केबल लावली. बोर्ड मेलेला. पाच बोर्ड तसेच पडून होते; त्यांना बारीक तारेने रेझिस्टर चिकटवले, ते आजही ड्रॉवरमध्ये आहेत. दोघांना मिळून एकच रेझिस्टर लावून पैसा वाचवायचा विचार करत असाल तर तेही नको. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीत तेच झालं होतं आणि काही केबलींवर तो चालूच होत नव्हता.

दुसरा धडा व्होल्टेजचा. ५ व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर मी आधी एएमएस१११७ लावला, कारण बर्डीवर कुठल्याही दुकानात तोच मिळतो. त्याला स्वतःसाठी एक व्होल्टच्या वर लागतं. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर बोर्ड मध्येच झोपायचा. मग एपी२११२ घेतला, तो पाव व्होल्टमध्ये भागवतो. खूश झाले. पण त्याची सहनशक्ती ६ व्होल्टची, जुना पंधरा झेलायचा. एका पोट्ट्याने ५ व्होल्टच्या पिनेला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. 'टक' असा आवाज, अन् जळक्या फोडणीसारखा वास. "मॅडम, मी काहीच नाही केलं." खरंच आहे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता बोर्डाच्या पाठीवर मराठीत छापलं आहे: 'नऊ व्होल्ट नको'. किकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरमधला कुठलाही फॉन्ट वापरता येतो, देवनागरी नीट येते. फक्त अक्षरं दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको. माझ्या पहिल्या खेपेत वेलांट्या शिरोरेषेत मिसळल्या आणि 'व्होल्ट'चं काहीतरी भलतंच दिसत होतं.

रंगाचं सांगायचं राहिलं. बर्फी म्हणजे संत्रा बर्फी, तेव्हा मला बोर्ड नारिंगी हवा होता. नेहमीच्या रंगांत हिरवा, लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा असे असतात. नारिंगी काही मिळाला नाही. पिवळा घेतला. सगळे त्याला बेसनाची वडी म्हणतात.

जुळणी. ही चिप ७ बाय ७ मिलिमीटरची, ५६ पाय, दोन पायांत ०.४ मिलिमीटर, आणि पाय बाहेर येतच नाहीत, सगळे पोटाखाली. साध्या सोल्डरिंग गनचं काम नाही. सोल्डर पेस्ट, ती नेमकी पॅडवर उतरवायला भोकं पाडलेलं स्टीलचं स्टेन्सिल आणि हॉट प्लेट लागते. बोर्ड मागवताना पॅडवर सोन्याचा मुलामा असलेला प्रकार घ्या, थोडा महाग पडतो; साध्या कथिलाच्या मुलाम्यात पॅड उंचसखल असतात आणि एवढ्या बारीक पायांना ते चालत नाही. स्टेन्सिलमध्ये चिपच्या पोटाखालचा मोठा चौकोन पूर्ण उघडा ठेवू नका. मी ठेवला होता. पेस्ट इतकी साचली की चिप नावेसारखी तरंगली आणि एका अंगाचे पाय अधांतरी. त्या चौकोनाचे चार लहान चौकोन करा, अर्ध्याच जागेवर पेस्ट जाऊ द्या.

प्लेट तापते तेव्हा बघण्यासारखं असतं. पेस्ट आधी राखाडी, ओल्या सिमेंटसारखी. शिसं असलेली पेस्ट १८३ अंशाला वितळते. तिथे पोचली की एका कडेपासून चांदीसारखी लकाकी धावत जाते आणि तिरकी ठेवलेली चिप आपोआप वळून जागेवर बसते. चिमट्याने तिला हळूच एक टिचकी द्या. डुलून परत जागेवर आली तर सगळे पाय लागले. नाही आली तर कुठेतरी अडकली आहे. त्या क्षणी तोंड जवळ नेऊ नका, खिडकी उघडी ठेवा.

खिडकीवरून आठवलं. हे काम मे महिन्यात करायचं नाही. एकदा नवतपात, बाहेर पंचेचाळीस, मी कूलरसमोर बसून जुळणी करायला घेतली. ०४०२ मापाचे कपॅसिटर मोहरीच्या दाण्याहून लहान असतात. कूलरचा एक झोत आला आणि चाळीस कपॅसिटर वाळ्याच्या वासासकट दिवाणाखाली गेले. कूलर बंद केला तर पेस्ट पातळ होऊन पसरायला लागली. तेव्हापासून मी त्याहून मोठं ०६०३ माप वापरते आणि जुळणी दिवाळीच्या सुट्ट्यांपासून जानेवारीपर्यंत उरकते. ते विक्रीलाही बरं, कारण प्रोजेक्टवाले पोट्टे फेब्रुवारीत जागे होतात.

पेस्ट थंड जागी ठेवावी लागते, म्हणून मी ती स्टीलच्या डब्यात घालून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. सासूबाईंनी सांबारवडीचं सारण समजून झाकण उघडलं. "हे काय वं ठेवलं?" त्यात शिसं आहे म्हटल्यावर त्यांनी डबाच बाहेर काढला आणि बरोबर केलं. खाण्याच्या फ्रिजमध्ये ती ठेवू नये. आता मी लहान सिरिंज आणते, तेवढ्यात काम संपवते, आणि नंतर हात साबणाने दोनदा धुते.

बोर्डाला पिना सरळ लागाव्यात म्हणून पिनांच्या पट्ट्या आधी ब्रेडबोर्डमध्ये खोचायच्या, वर बोर्ड ठेवायचा, मग सोल्डर करायचं. त्यासाठी जुना ब्रेडबोर्ड घ्या, उष्णतेने तो ढिला पडतो.

तपासणीशिवाय एकही नग बाहेर जाऊ द्यायचा नाही. मी मायक्रोपायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वीस-पंचवीस ओळी लिहिल्या आहेत: २४ पैकी एका पिनेवर वीज सोडायची, बाकीच्या तेवीस खाली ओढून वाचायच्या. त्यांतल्या एखादीवरही वीज दिसली तर दोघींचं कुठेतरी जुळलं आहे, स्क्रीनवर दोन आकडे येतात. मग पुढची पिन. पाय सुटा राहिला असेल तर हे त्याला पकडत नाही, त्यासाठी प्रत्येक पिनेला एलईडी लावलेला एक ब्रेडबोर्ड कायमचा तयार ठेवला आहे. दिवे ओळीने पेटत गेले पाहिजेत. दोन्ही मिळून एका बोर्डाला मिनिटभर. पहिल्या तीसपैकी चार बाद झाले.

हे चार हिशोबात धरा, लोक इथेच फसतात. माझ्या पहिल्या खेपेचा एका नगाचा खर्च असा: बोर्ड २८, चिप ९५, फ्लॅश ३५, क्रिस्टल १८, रेग्युलेटर १२, सॉकेट १०, बटणं ६, रेझिस्टर-कपॅसिटर १५, पिना १२, पॅकिंग १५. बेरीज २४६. पण पैसे तीस बोर्डांचे गेले आणि विकायला सव्वीस. म्हणजे खरा खर्च २८४. मी ४८० ला विकले, टपाल वेगळं. नगामागे १९६ सुटले, सव्वीस नगांचे ५,०९६. स्टेन्सिल, हॉट प्लेट आणि फसलेले नमुने यांत त्याआधी साडेसहा हजार गेले होते. पहिली खेप तोट्यात, आणि माझ्या रात्रींची मजुरी मी धरलेलीच नाही. दुसऱ्या खेपेत साठ केले तेव्हा कुठे वर आले.

नियमांचं थोडक्यात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकताना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण माल राज्याबाहेर गेला की पहिल्याच नगापासून नोंदणी सक्तीची, उलाढाल कितीही असो. नागपूरकरांना हे फार टोचतं. छिंदवाडा, शिवनी, रायपूर आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. तिथून विचारणा येते अन् मी नाही म्हणते. नोंदणी करायची का हे सीएला विचारून ठरवा. नावात दुसऱ्याचा ट्रेडमार्क घालू नका. 'आरपी२०४० वर चालतो' असं लिहिलेलं चालतं. कॉम्प्युटर यूएसबीवरचं उपकरण ज्यावरून ओळखतो तो स्वतःचा विक्रेता क्रमांक घ्यायचा तर ६,००० डॉलर लागतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. या चिपच्या बोर्डांसाठी रास्पबेरी पाय स्वतःच्या क्रमांकाखाली उत्पादन क्रमांक फुकट देते. आणि नोकरी करत असाल तर वरिष्ठांना आधी सांगा. मी लॅबमध्ये विकत नाही, लॅबच्या खरेदीत माझा बोर्ड नसतो. पोट्ट्यांना हवा असेल तर बाहेर, आणि पिको घेतला तरी मदत तेवढीच.

पॅकिंगला गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी, आत पिना काळ्या फोममध्ये खोचून. थर्माकोल नको, त्यात स्थिर वीज असते. पाच बोर्डांची ऑर्डर असली तर मी मिठाईच्या पाव किलोच्या खोक्यात पाठवते. एकाने ते घरी उघडलं तर आईने आधी वास घेतला म्हणे.

तक्रारी रात्री साडेदहानंतर व्हॉट्सॲपवर येतात. "ताई, बोर्ड खराब आला." चिडायचं नाही. पहिला प्रश्न केबलचा: हीच केबल लावून मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतात का? बऱ्याच केबलींत नुसती विजेची तार असते, डेटाची नसतेच. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. दुसरा प्रश्न, ब्रेडबोर्डवर बसलेला फोटो पाठव. रीसेटची पिन चुकून ग्राउंडला जोडलेली असते, ती फोटोत दिसते.

आणि तिसरा प्रश्न, "पाठीवर काय लिहिलंय?" आवृत्तीचा आकडा छापायला विसरू नका. पहिल्या दोन आवृत्त्यांवर मी तो छापलाच नव्हता, त्यामुळे समोरच्याकडे कुठला रेग्युलेटर आहे हे मला फोनवर कळायचं नाही. आता २.१ असं ठसठशीत आहे, आणि प्रत्येक आवृत्तीचा एक चालू नग ड्रॉवरमध्ये. फोन आला की मी तोच काढून समोर ठेवते, अन् मग बोलते.